तारा लावलेली सासू

२ ऑगस्ट, शनिवार

लेख परत आला. नाकारलेला नाही आणि स्वीकारलेलाही नाही. ज्या पुस्तकासाठी तो लिहिला, ते चेक देशातल्या ब्रनोची यित्का संपादित करते आहे. तिनं फार सभ्यपणे लिहिलंय: "रूपांचा भाग पटतो. अर्थाच्या भागात मात्र पुरावा कमी आणि खात्री जास्त आहे. ऑगस्टअखेर पुन्हा लिहून पाठवाल का?"

सभ्य माणसांचा राग जास्त येतो.

चाकणच्या कंपनीत मी चेक भाषेतली मशिनची माहितीपुस्तकं मराठीत आणते. प्रेस चालू असताना हात आत घालू नये, ही गोष्ट मी आजवर किती तऱ्हांनी लिहिली असेल! पण माझा खरा विषय स्लाव भाषांचा इतिहास. लग्नानंतर तो अर्ध्यातच सुटला, आणि इतक्या वर्षांनी कुणीतरी लेख मागितला. एका शब्दावर. *स्वेक्री. रशियन, पोलिश, सर्बियन या सगळ्या भाषा ज्या एका जुन्या भाषेतून निघाल्या, तिच्यातला नवऱ्याच्या आईसाठीचा शब्द. शब्दाआधीचा तारा (*) म्हणजे हा शब्द कुठंही लिहिलेला सापडत नाही. रशियन स्वेक्रोव, सर्बियन स्वेक्रवा, अशा लेकींची तोंडं शेजारी शेजारी ठेवून आई कशी दिसत असेल ते ठरवायचं. लांबची एक बहीण आपल्याकडेही आहे. संस्कृतात श्वश्रू, मराठीत सासू.

सासूवर लिहायचं आणि सासूच्या टीव्हीमुळे लिहिता येऊ नये. आई हॉलमध्ये आवाज पूर्ण मोठा करून बसल्यात.

खरं तर कायद्यानं त्या आता माझ्या सासू नाहीत. रणजीतचा आणि माझा घटस्फोट होऊन दोन वर्षं झाली. तो आकुर्डीला पूनमबरोबर राहायला गेला, आई इथं मोशीत माझ्याकडे राहिल्या. त्याच्या इमारतीला लिफ्ट नव्हती आणि आईंचे गुडघे तीन मजले चढत नाहीत. कारण एवढंच.

५ ऑगस्ट, मंगळवार

रणजीतचा फोन. आकुर्डीतच नवा फ्लॅट घेतलाय. "लिफ्ट आहे," हे त्यानं पत्त्याच्याही आधी सांगितलं. "आईला आता घेऊन जातो. या वर्षी लक्ष्म्या पण इकडेच बसवू."

लक्ष्म्या म्हणजे गणपतीत येणाऱ्या गौरी. आई लातूरकडच्या, त्यांच्यात महालक्ष्म्या म्हणतात. थोरली आणि धाकटी. पत्र्याच्या कोठ्यांवर साड्या नेसवून वर पितळी मुखवटे ठेवतात. घटस्फोटानंतर त्या बसल्याच नाहीत. कुठल्या घरी बसवायच्या हे कुणी बोललं नाही, आणि कोठ्या माळ्यावरच राहिल्या.

"आईंना विचारलंस?" मी म्हटलं.

"तिला काय विचारायचं? तुझी काही अडचण?"

"माझी कसली अडचण?"

फोन ठेवल्यावर अर्थाचा भाग उघडला. एक ओळ लिहिली, खोडली. पुन्हा तीच लिहिली.

७ ऑगस्ट, गुरुवार

कंपनीची बस कुरुळी फाट्यावर इतका वेळ उभी होती की इंजिन बंद करून ड्रायव्हर चहा पिऊन आला. शेजारच्या सीटवर नेहमीप्रमाणे नागसेन. तो क्वालिटीत आहे. मशिन बंद पडलं की का पडलं हे शोधणं त्याचं काम. माझ्या लॅपटॉपवरचा तारा पाहून म्हणाला, "मॅडम, हे काय, अटी लागू?"

मी समजावून सांगितलं.

"म्हणजे हा शब्द कुणी ऐकलेला नाही, कुणी लिहिलेला नाही, आणि तुम्ही त्याचा उच्चार सांगताय? राव, आमच्याकडे असा रिपोर्ट दिला तर घरी पाठवतील."

"बोलणारी माणसं मेलीत नागसेन. खुणांवरूनच ओळखावं लागतं."

"ते बरोबर. आमचं सोपं असतं. आम्ही आधी ऑपरेटरला विचारतो. पोरं नवीन असली की सेन्सर बघत बसतात, आलेख काढतात. अरे, ज्याच्या हाताखाली मशिन आहे तो समोर उभा आहे, त्याला विचार ना!" मग हसून म्हणाला, "तुमचे ऑपरेटर गेले बिचारे."

मजेशीर माणूस आहे. पण त्याच्या बडबडीत बसमधला लिहिण्याचा वेळ गेला.

१० ऑगस्ट, रविवार

सकाळी मेथी निवडताना आईंनी विचारलं, "एवढं काय लिहायलीस गं महिनाभर?"

म्हटलं, सासू. त्या हसायला लागल्या. "माझ्यावर? मंग चांगलं लिही."

मी त्यांना अडचण सांगितली. नियमानं त्या शब्दात 'स' यायला हवा होता, *स्वेस्री असं काहीतरी. लिथुआनियन भाषेत सासऱ्याला शेशुरस म्हणतात, तिथं नियम पाळलेला दिसतो. स्लावमध्ये मात्र 'क'. माझं म्हणणं असं की शेजारच्या 'र'मुळे सासूच्या शब्दातला 'क' वाचला, आणि सासऱ्याच्या शब्दानं तो सासूकडून उचलला. मूळचा तो त्याचा नव्हताच.

"बरोबरच हाय," आई म्हणाल्या. "तुझ्या सासऱ्याकडं तरी स्वतःचं काय होतं? रुमालसुद्धा मी द्यायची तेव्हा खिशात जायचा."

खूप दिवसांनी दोघी मोठ्यानं हसलो. मग देठं गोळा करता करता त्यांनी विचारलं, "विजू, लक्ष्म्यांत तुला सुट्टी हाय का?"

"रविवार आहे आई, पण त्याच दिवशी लेख द्यायचाय. मला वेळ नाही."

"बरं," म्हणाल्या आणि मेथी धुवायला गेल्या. लक्ष्म्या बसणार हे त्यांना आधीच माहीत दिसलं. म्हणजे रणजीतशी बोलणं झालंय.

१३ ऑगस्ट, बुधवार

घरी आले तर कपाटातला मुखवट्यांचा डबा रिकामा. आई खालच्या मजल्यावरच्या कुसुमताईंना घेऊन रिक्षानं चिंचवडला गेल्या होत्या, मुखवटे पॉलिशला देऊन आल्या. गुडघे दुखतात म्हणणारी बाई!

इतकी वर्षं काळे पडले तरी चाललं, आणि आता नवीन फ्लॅट झाल्यावर उजळणी. याचा अर्थ न कळायला मी काही लहान नाही. जिन्यात कुसुमताई भेटल्या. आमची सोसायटी उभी आहे ती जमीन त्यांच्या सासऱ्यांची होती, त्यामुळे इमारतीतल्या प्रत्येक घरावर त्यांचा थोडा हक्क असतो. म्हणाल्या, "म्हातारी लई खुशीत हाय बरं का तुमची. औंदा लक्ष्म्या बसवायच्या म्हणती."

"हो, कळलं मला," म्हटलं आणि वर आले.

अर्थाच्या भागात आज बरीच प्रगती. स्लाव बायकोच्या आईसाठी वेगळा शब्द वापरत. स्वेक्री फक्त नवऱ्याची आई. सून जिच्या घरात येते ती. म्हणून मी लिहिलं: "नवरा मेला किंवा त्यानं सोडलं, की हे नातं तिथंच संपत असणार." वाक्य ठाम झालंय. यित्काला आवडणार नाही, पण मला ते खरं वाटतं.

१७ ऑगस्ट, रविवार

आईंनी दोन साड्या आणल्यात. पलंगावर पसरून मला हाक मारली.

"मोरपंखी की अंजिरी?"

"कशाला?"

"लक्ष्म्यांना. धाकटीची नंतर सुनेनं नेसायची असती, म्हणून विचारायलेय. तुला कुठला बरा वाटतो?"

पूनम कशी दिसते ते मला नीट आठवेना. एकदाच पाहिलंय, बँकेच्या दारात. गोरी आहे. म्हटलं, "मोरपंखी शोभेल."

"तुला अंजिरी आवडतो की!"

"माझं काय घेऊन बसलात आई? जिला नेसायची तिचं बघा."

त्यांनी दोन्ही साड्या घडी करून कपाटात ठेवल्या. दिवसभर टीव्ही बंद होता. शांतता मिळूनही एक ओळ झाली नाही, याला काय म्हणावं?

आर्मेनियन भाषेत सासऱ्याला जो शब्द आहे त्याचा अर्थ 'सासूचा नवरा'. आईंना सांगायचं ठरवलं होतं. सांगितलं नाही.

२१ ऑगस्ट, गुरुवार

आई बाल्कनीत फोनवर होत्या. मी कपडे वाळत घालायला गेले तर आवाज खाली केला. तरी ऐकू आलं. "घाई करू नको रे... आधी घरात तर विचारू दे... तिचं काय चाललंय मला कळंना झालंय."

मला पाहून फोन ठेवला. आता विचारतील, आता विचारतील म्हणून मी एकेक चिमटा सावकाश लावला. त्या म्हणाल्या, "वारा हाय, दोन दोन लाव."

माझी परवानगी कशाला हवी त्यांना? मुलगा आहे, त्याचं नवं घर आहे, लिफ्ट आहे. मी अडवणार थोडीच. नाही म्हणायचा हक्क मला उरलेला नाही, आणि हो म्हणायचाही. त्यांना संकोच वाटतोय हे उघड आहे. मी तो संपवायला हवा.

२४ ऑगस्ट, रविवार

रणजीतला मेसेज केला: शनिवारी ये आणि आईंना ने, म्हणजे रविवारी लक्ष्म्या तिकडे येतील. त्याचा अंगठा आला.

यित्काचंही पत्र आलं. मी मधेच अर्थाचा भाग पाठवला होता. "नातं संपत असणार, असं तुम्ही लिहिता. कशावरून? मला वाटतं इथं शब्दापेक्षा लिहिणारीचं मत जास्त ऐकू येतंय."

दुपारभर या बाईवर चिडून होते. ती तिथं नदीकाठी बसून लिहिते. इथं मला मिक्सर, कुकर, खाली ढोलपथकाचा सराव, आणि समोर बसून गोळ्या मोजायच्या विसरणारी म्हातारी. आईंनी आज सकाळची रक्तदाबाची गोळी पुन्हा चुकवली. पूनमला हे कोण सांगणार?

२७ ऑगस्ट, बुधवार. गणेश चतुर्थी

सोसायटीचा गणपती. आरतीला आई गेल्या, मी गेले नाही. लिहिलंही नाही.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

कंपनीतून लवकर आले आणि आईंची बॅग भरली. त्या कुसुमताईंकडे होत्या. सहा सुती साड्या, स्वेटर, गरम पाण्याची पिशवी. गोळ्यांच्या पाकिटांवर सकाळ-संध्याकाळ लिहून चिकटवलं. मुखवटे वेगळ्या पिशवीत, टॉवेलात गुंडाळून. छान उजळलेत. थोरलीच्या गालावर पूर्वी एक डाग होता तो गेलाय. मला तो डाग ओळखीचा होता.

आई आल्या. बॅग पाहिली. दारातच उभ्या राहिल्या, चप्पलही काढली नाही.

"भरलीस व्हय?"

"म्हटलं तुम्हाला वाकायला नको."

"चांगलं केलंस," म्हणाल्या. जेवल्या नाहीत. प्रवासाच्या आदल्या दिवशी त्यांचं नेहमी असंच होतं.

३० ऑगस्ट, शनिवार

हे सगळं नीट, क्रमानं लिहिते.

रणजीत दुपारी आला. दारात चपला काढून पाहुण्यासारखा उभा राहिला, मग स्वतःच स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायला. पेल्यांची जागा अजून आठवते त्याला.

"चल आई, गाडी गेटवर आहे."

आई खुर्चीतून हलल्या नाहीत. "कुणी ठरवलं?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "विजूनं बॅग भरलीय की."

"तू येणार होतास म्हणून भरली," मी म्हटलं.

"तू ये म्हणालीस म्हणून आलो मी!"

"म्हणजे दोघांनी मिळून ठरवलं," आई म्हणाल्या. "घटस्फोटानंतर पहिल्यांदाच एकमत झालं बघा तुमचं."

मला एकदम रडू आलं, आणि रडू आलं याचा राग आला. "आई, तुम्हीच मुखवटे पॉलिशला दिलेत. साड्या आणल्यात. फोनवर हळू बोलत होतात. मी काय आंधळी आहे? महिनाभर बघतेय मी."

"बघायलीस! एकदा तरी विचारलंस का? मी विचारलं, सुट्टी हाय का? तर म्हणे लेख. रंग कुठला? तर म्हणे मोरपंखी. जल्मात कधी मोरपंखी नेसलीयस का तू?"

"मला वाटलं पूनमसाठी..."

"पूनमच्या साडीचा रंग मी तुला कशाला विचारू? इथं बसवायच्या म्हणून सगळं करत होते मी. पण घर तुझं. सून म्हणून हक्कानं सांगायची सोय ठेवली न्हाई या शहाण्यानं. म्हटलं तू म्हणशील, आई, बसवू या. तर तू गोळ्यांना चिठ्ठ्या चिकटवल्यास!"

रणजीत अजून पेला हातात धरून होता. "पण आई, तिथं आता लिफ्ट आहे गं."

"अरे, लिफ्टचं काय घेऊन बसलास? तवा तुला वाईट वाटू नये म्हणून गुडघ्याचं नाव पुढं केलं मी."

 खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं, त्याचा तो टीं टीं आवाज तेवढा चालू होता. रणजीतचं तोंड लहान मुलासारखं झालं. लग्न मोडताना त्यानं मला खूप काही ऐकवलं होतं, मी त्याला. पण त्याचा असा चेहरा मी तेव्हा पाहिला नव्हता. मला वाईट वाटलं, हे इथं लिहून ठेवते.

आईंनाही वाटलं असावं. आवाज उतरला. "येते की मी. दसऱ्यानंतर आठ दिवस येते. पूनमच्या हातचं खाते. तिला सांग, मला तिखट चालतंय." मग लगेच, "आता आलाच हायेस तर माळ्यावरच्या कोठ्या काढून दे. आमचे दोघींचे हात पोचत न्हाईत."

त्यानं मुकाट्यानं स्टूल घेतलं, कोठ्या काढल्या, ओल्या फडक्यानं पुसल्यासुद्धा. जाताना बॅग उचलणार होता, पण आईंनी ती खोलीत परत नेऊन रिकामी केली.

तो गेल्यावर मी म्हटलं, "आई, चुकलं माझं."

"ते झालं. पण विचारलं न्हाईसच तू अजून," म्हणाल्या आणि पुरणाची डाळ निवडायला निघून गेल्या.

मी हॉलमध्ये उभी राहिले. इतकं सोपं वाक्य होतं. नाही म्हणाल्या तर काय, याची मला आजही भीती वाटली.

३१ ऑगस्ट, रविवार

पहाटे उठून लेख उघडला. ते ठाम वाक्य काढलं. त्या जागी लिहिलं: "नवऱ्यानंतर सून आणि स्वेक्री एकमेकींच्या कोण राहत, याचा पुरावा आपल्याकडे नाही. विचारायला कुणी उरलेलं नाही." पाठवून दिला. भाग आखूड झाला, पुस्तकात घेतील की नाही माहीत नाही. चहा ठेवला.

दिवस उद्याच्या नैवेद्याच्या सोळा भाज्या चिरण्यात गेला. बोटं हिरवी आणि डोकं तापलेलं. दोडका कडू निघाला, फुलोऱ्याच्या करंज्या तेलात उकलल्या, आणि आई पाठीशी उभ्या राहून, "शिकवलं होतं की गं मी तुला," असं म्हणत होत्या.

संध्याकाळी कुसुमताई थाळी वाजवायला वर आल्या. मला दारात मुखवटे धरून उभी पाहून हळूच आईंना म्हणाल्या, "अवो, आत आणायला सवाष्ण लागती न्हवं? तुमी अशा, ह्या अशा."

"मंग तू हायेस की सवाष्ण. तू वाजव. दिवसभर भाज्या चिरल्या तिनं, ती आणती." आई उंबऱ्याच्या आत बसल्या. उभं राहवत नव्हतं त्यांना. गुडघे खरंच दुखतात, तेवढं खोटं नव्हतं.

मी अंजिरी साडी नेसले होते. आईंनी सकाळी पलंगावर टाकली होती. म्हणाल्या, नंतर कशाला, आजच नेस. धाकटीला मोरपंखी नेसवली, थोरलीला आईंची एक ठेवणीतली.

"कोण आलं?" आईंनी विचारलं. विधीच आहे तो, मोठीनं विचारायचं आणि आणणारीनं उत्तर द्यायचं.

"लक्ष्मी आली."

"कशाच्या पावलांनी आली?"

"सोन्याच्या पावलांनी आली."

मग रांगोळीच्या पावलांवरून घरभर फिरवायचं. आई भिंतीला धरून माझ्यामागे, त्यांच्यामागे थाळी. स्वयंपाकघर. "इथं काय हाय?" "धान्य आहे." माझं टेबल. "इथं काय हाय?" "पुस्तकं आहेत." कुसुमताई म्हणाल्या, "लई हायेत." मग आईंची खोली. पलंगावर कालची रिकामी बॅग तशीच पडली होती.

"इथं काय हाय?"

"आईंची खोली आहे."

"कुणाची?"

"आईंची."

"कधीपर्यंत?"

हे विधीत नसतं. कुसुमताईंचा हात थाळीवर थांबला. माझ्या हातात मुखवटे होते, डोळे पुसायची सोय नव्हती.

"आई, तुम्ही राहता का माझ्याकडे? तुम्ही जाते म्हणाल तोपर्यंत?"

आईंनी बॅग उचलली, पलंगाखाली लोटली, पायानं आणखी आत सारली.

"मी कशाला म्हणू?" त्या म्हणाल्या. "वाजव गं कुसुम, थांबलीस का?"